तुणतुणं कोण धरणार?

शाळेच्या गॅदरिंगची तयारी सुरू झाली की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. बाई वर्गात येतात आणि म्हणतात, "यंदा आपल्या वर्गाचा पोवाडा." झालं! ज्याला त्याला शाहीर व्हायचं असतं. भगवा फेटा बांधायचा, हातात डफ घ्यायचा, छाती पुढं काढून गरजायचं! डफ एकाला मिळतो, झांजा दुसऱ्याला. ढोलकीवर कुणीतरी आधीच नाव लावून बसलेलं असतं. शेवटी उरतं ते तुणतुणं. बाई इकडेतिकडे बघतात आणि सगळा वर्ग आपापल्या चपलांकडे बघायला लागतो. मग ते कुणाच्या तरी हातात दिलं जातं. "तू हे धर. मागं उभं राहायचं आणि तुणतुण करायचं." वर्ग फिदीफिदी हसतो.

तुमच्या हातात कधी ते तुणतुणं आलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आणि तुम्ही हसणाऱ्यांपैकी असाल, तर जरा जास्तच तुमच्यासाठी आहे!

घरातसुद्धा या बिचाऱ्या वाद्याला मान नाही. सहलीला जायचं म्हणून तुम्ही सारखे मागं लागलात की आई म्हणते, "पुरे आता तुझं तुणतुणं!" तेच ते पुन्हा पुन्हा बोलणं म्हणजे तुणतुणं वाजवणं. आता खरं सांगायचं तर आईचं चुकत नाही. तुणतुण्याला एकच तार, त्या तारेला एकच सूर, आणि तो सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. पण हेच तर त्याचं काम आहे. ते काम किती अवघड, हे बघायला आपण थेट धाराशिव जिल्ह्यात जाऊ या.

बालाघाटाच्या डोंगरात

धाराशिव म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा. २०२३ साली त्याचं नाव बदललं. या जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात तुळजापूर आहे. धाराशिवहून वीस-पंचवीस किलोमीटर, सोलापूरहून सुमारे पंचेचाळीस. तुळजाभवानीचं हे ठाणं. आश्विनात नवरात्र बसलं की इथं माणसांचा पूर येतो, आणि कोजागरीच्या सुमाराला सोलापूरकडून येणारा रस्ता चालत येणाऱ्या भक्तांनी भरून जातो. "आई राजा उदो उदो" अशी आरोळी उठते आणि तिच्यामागं संबळाचा कडकडाट.

भवानीचे गाणारे भक्त म्हणजे गोंधळी. त्यांच्यात दोन मोठ्या शाखा आहेत. तुळजाभवानीला मानणारे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेला मानणारे रेणुराई. अंगात पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्याला पगडी किंवा पागोटं. घरात लग्नकार्य झालं की मराठी घरं गोंधळ घालायला त्यांना बोलावतात. पाटावर नवं कापड अंथरून त्यावर धान्याचा चौक मांडतात, कलश ठेवतात, दिवटी पेटवतात. मग नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, गावोगावच्या देवदेवतांना नावानिशी आमंत्रण देतो आणि आख्यान लावतो. कधी गाणं, कधी गोष्ट, कधी चुटका. हे रात्रभर चालतं.

सगळ्यांचे डोळे नाईकावर. कान संबळावर. पण जरा मागं बघा. तिथं एकजण उभा असतो, काखेजवळ वीतभर नळकांडं धरून. तुण तुण तुण तुण. त्याच्याकडं कुणी बघत नाही. मात्र नाईक गोष्ट सांगता सांगता थांबतो आणि एकदम गायला लागतो, तेव्हा तो कुठल्या सुरावर उतरतो? त्या मागच्या सुरावर! पाच मिनिटं नुसतं बोलल्यावर पुन्हा नेमका तोच सूर पकडणं सोपं नाही. तुम्ही करून बघा. 'सा' लावा, मग शेजाऱ्याशी पाच मिनिटं गप्पा मारा आणि पुन्हा 'सा' लावा. पेटीवर तपासलंत तर कळेल, तुमचा सा कुठल्या कुठं सरकलेला असतो!

शाहिरांचंही तसंच. १६५९ साली प्रतापगडाखाली अफजलखानाचा वध झाला. त्यावर अज्ञानदासानं रचलेला पोवाडा मराठीतल्या सर्वांत जुन्या पोवाड्यांपैकी एक मानतात. तेव्हापासून शाहीर बदलले, विषय बदलले. शेजारच्याच बार्शीत १९१६ साली जन्मलेले शाहीर अमर शेख यांनी आपल्या पहाडी आवाजानं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या सभा हलवून सोडल्या. पण शाहिराच्या मागं उभं राहून झील धरायची आणि तुणतुणं छेडायचं, ही रीत काही मोडली नाही.

आहे तरी काय त्यात?

तुणतुण्यात फार भाग नाहीत. एक पोकळ लाकडी नळकांडं. काही ठिकाणी ते पत्र्याचंही असतं. त्याचं वरचं तोंड उघडं आणि खालच्या तोंडावर कातडं ताणून बसवलेलं. कातडं बहुधा शेळी-बकऱ्याचं. (शेळीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. या जिल्ह्यानं 'उस्मानाबादी' या काळ्याभोर शेळीच्या जातीला आपलं नाव दिलंय. जिल्ह्याचं नाव बदललं, पण शेळी अजून उस्मानाबादीच म्हणून ओळखली जाते!)

नळकांड्याच्या बाहेरच्या अंगाला एक काठी पक्की बसवलेली असते. ती वर लांब गेलेली, आणि तिच्या टोकाशी एक खुंटी. कातड्याच्या मधोमध बारीक भोक. त्यातून पोलादी तार वर येते, नळकांड्याच्या पोकळीतून जाते आणि खुंटीला गुंडाळली जाते. कातड्याच्या खालच्या बाजूला तारेला चकती किंवा गुंडी अडकवतात, नाहीतर ताण दिल्याबरोबर तार कातडं फाडून वर येईल. एका हातानं वाद्य धरायचं आणि दुसऱ्या हातातल्या लाकडाच्या छोट्या तुकड्यानं किंवा बोटानं तार छेडायची. बस्स.

इथं एक गंमत आहे. सतारीची तार भोपळ्यावरच्या तबकडीला समांतर, म्हणजे आडवी जाते. तुणतुण्याची तार मात्र कातड्यावर जवळजवळ उभी असते. तार छेडली की ती उजवीकडं झोके घेते, डावीकडं झोके घेते. उजवीकडं गेली की कातडं वर ओढलं जातं. डावीकडं गेली तरी ओढलंच जातं! म्हणजे तारेच्या एका पूर्ण हेलकाव्यात कातड्याला दोन हिसके बसतात. दुप्पट कंपनं म्हणजे वरचा सा. तुणतुण्याच्या आवाजात तारेच्या मूळ सुराबरोबर ही वरच्या सुराची धार मिसळते. एवढंसं नळकांडं संबळाच्या गलक्यातूनही ऐकू येतं, त्यात या धारेचाही हात आहे.

अशा एका तारेत बघण्यासारखं काय असणार, असं वाटतं ना? सरकारच्या अर्थखात्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणाला तसं वाटलं नाही. त्यानं १९०९ साली, विशी जेमतेम ओलांडलेली असताना, तुणतुण्याच्या बहिणीवर म्हणजे एकतारीवर एक छोटा शास्त्रीय लेख छापला. त्याचं नाव चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. ते प्रकाशाच्या अभ्यासासाठी होतं. पण सुरुवातीची कितीतरी वर्षं त्यांचे कान तारांकडे लागलेले होते.

सूर लावायचा कसा?

आता मुख्य काम. शाहीर किंवा गोंधळी आपला सा देतो. तो सा त्याच्या गळ्याला सोसणारा असतो, म्हणून तो माणसागणिक वेगळा. पेटीवाले त्याला 'काळी एक', 'काळी दोन', 'पांढरी चार' अशी नावं देतात. तुणतुणेवाल्यानं तो ऐकायचा आणि खुंटी पिळायची. तार ताणली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. पण ताण दुप्पट केला म्हणून कंपनं दुप्पट होत नाहीत बरं का. सूर एक सप्तक चढवायला ताण चौपट करावा लागतो! हा हिशेब मेर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूनं १६३६ साली छापलेल्या ग्रंथात मांडला होता. म्हणून खुंटी जोरात पिळू नका. तार आधी तुटेल, सूर नंतर मिळेल!

तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. नेहमी खालून वर या. सूर जास्त चढला, तर तार पुरती उतरवा आणि पुन्हा हळूहळू चढवा. वरून खाली येताना खुंटीपाशी थोडी ढील उरते आणि वाजवताना ती सुटून सूर घसरतो.

दोन. गाणाऱ्याचा सूर आणि तारेचा सूर अगदी जवळ आले पण जुळले नाहीत, की आवाज लाटांसारखा कमीजास्त होतो. वाँव-वाँव-वाँव. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला विस्पंद म्हणतात. लाटा भरभर आल्या तर सूर अजून लांब आहे. हळू झाल्या तर जवळ आलाय. लाटा थांबल्या की जुळला. कान इतके तयार नसले, तरी लाटा मोजायला कुणालाही जमतं!

तीन. खुंटी घसरत असेल, तर तिला खडूची पूड चोळा. हो, फळ्यावरचाच खडू. सतार-तंबोऱ्याची खुंटी घसरली की मोठे मोठे वादकही हाच उपाय करतात.

सूर लागला की लय. तुणतुणं नुसतं सूर देत नाही, तालही धरतं. ढोलकी-संबळवाले मधेच उड्या मारतील, तिहाई घेतील, थांबतील. तुम्ही थांबायचं नाही. पळायचंही नाही. गाणाऱ्याला चेव आला की तुमचाही हात आपोआप धावायला लागतो. तो आवरणं ही खरी परीक्षा.

रात्रभराची कुस्ती

संध्याकाळी एकदा सूर लावला की झालं, असं वाटलं का तुम्हाला? छे! रात्र चढते तशी हवा गार होते. पोलाद गारठलं की आकसतं, म्हणजे तार ताणली जाते आणि सूर चढू बघतो. त्याच वेळी दव पडायला लागतं. कातडं ओल शोषून घेतं आणि सैल पडतं, म्हणजे सूर उतरू बघतो. तार वर ओढते, कातडं खाली! या कुस्तीत बहुतेकदा कातडं भारी पडतं. पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून शेकोटी किंवा दिवटीच्या उबेला वाद्य धरून कातडं शेकतात. संबळाचंही असंच करतात. जास्त जवळ धरलं तर कातडं तडकतं, लांब धरलं तर काहीच होत नाही. मधलं अंतर हाताला कळावं लागतं.

म्हणजे मागं उभा असलेला तो माणूस रात्रभर दोन कामं करत असतो. हातानं वाजवणं आणि कानानं पहारा देणं. नाईकाला दम घ्यायला मिळतो, संबळवाला मधेच पाणी पितो. तुणतुणेवाल्याला सुट्टी नाही. शिवाय मागं उभं राहून ऐकता ऐकता आख्यानं पाठ होतात, कुठं थांबायचं आणि कुठं हशा घ्यायचा तेही कळतं. ज्याला पुढं जायचंय त्याच्यासाठी मागची जागा ही शाळाच आहे.

हातात खुंटी असलेला भाऊ

तुणतुण्याचा एक खोडकर भाऊ आहे. त्याचं नाव चौंडकं. यल्लम्माच्या जोगत्या-जोगतिणींच्या हातात तुम्ही ते पाहिलं असेल. त्यालाही नळकांडं, कातडं आणि मधून निघालेली तार किंवा तात. पण त्याला काठी नाही आणि खुंटीही नाही! नळकांडं काखेत दाबायचं आणि तारेचं दुसरं टोक मुठीत धरायचं. मूठ ओढली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. त्यामुळं चौंडकं चक्क बोलल्यासारखं वाटतं. तुणतुणं एका सुराला चिकटून बसतं, तर चौंडकं एका सुरावर ठरतच नाही. सामान जवळजवळ तेच. फरक एवढाच, की एकाची तार खुंटीला बांधलेली आहे आणि दुसऱ्याची माणसाच्या मुठीत.

सातासमुद्रापलीकडची बहीण

आता बालाघाटावरून एक लांब उडी मारू या, थेट अमेरिकेत. तिथं पूर्वेच्या बाजूला अपलेशियन नावाच्या डोंगररांगा आहेत. तिथल्या खेड्यांत एक वाद्य वाजवतात, माउंटन डल्सिमर. म्हणजे डोंगरी डल्सिमर. लांबट, चपटी, पोकळ लाकडी पेटी आणि तिच्यावर तीन-चार तारा. मांडीवर आडवी ठेवायची. एका हातात लाकडाची किंवा बांबूची लहानशी कांडी धरून ती गाण्याच्या तारेवर सरकवायची आणि दुसऱ्या हातानं, पूर्वी तर पक्ष्याच्या पिसाच्या दांडीनं, सगळ्या तारा एकदम छेडायच्या. गाणं एका तारेवर वाजतं. मग बाकीच्या तारा काय करतात? त्या आपल्या एकाच सुरावर गुणगुणत राहतात. म्हणजे तुणतुणंच करतात की! त्यांची एक नेहमीची जुळणी आपल्या भाषेत सांगायची, तर सा-प-सा.

केंटकी राज्यातल्या अशाच एका डोंगरी खेड्यात १९२२ साली जीन रिची ही मुलगी जन्मली. घरात चौदा भावंडं, सगळ्यांत धाकटी ती. मोठी झाल्यावर हे वाद्य घेऊन ती न्यूयॉर्कला गेली. शहरातल्या लोकांनी असं काही ऐकलंच नव्हतं. तिनं गाऊन, वाजवून, पुस्तकं लिहून ते लोकांना शिकवलं, आणि खेड्यातलं मागं पडत चाललेलं ते वाद्य पुन्हा घरोघर वाजू लागलं.

एका डोंगराचा दुसऱ्या डोंगराशी काही संबंध नाही. तरी दोन्हीकडच्या माणसांना एकच गोष्ट सुचली. गाण्याला फिरायचं असेल, तर कुणीतरी एका जागी थांबायला हवं. आपल्या बैठकीतला तंबोरा तरी दुसरं काय करतो? मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांना अभिमान वाटला. तुणतुणं त्याच घरातलं. फक्त गावाकडं राहिलेलं.

घरी करून बघा

लागणारं सामान: दुधाच्या भुकटीचा किंवा तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा, दोन फुटांची जाड बांबूची काठी, सतारीची बारीक पोलादी तार (वाद्यांच्या दुकानात मिळते), एक मोठं बटण, दोन नट-बोल्ट, आणि खुंटीसाठी आकडा असलेला स्क्रू.

कृती: डब्याचं झाकण काढून टाका. तळाच्या बरोबर मध्यभागी खिळ्यानं बारीक भोक पाडा. डब्याच्या बाजूला काठी दोन बोल्टांनी आवळून बसवा. नुसत्या दोरीनं बांधू नका. मी पहिल्यांदा तसंच केलं होतं. तार ताणल्याबरोबर काठी पुढं झुकली आणि 'तुण' ऐवजी 'भद्द' असा आवाज आला! तार बटणातून ओवून गाठ मारा आणि खालून वर डब्यात घ्या. बटण तळाला बाहेरून टेकलं पाहिजे. तारेचं दुसरं टोक काठीच्या वरच्या टोकाशी बसवलेल्या स्क्रूला गुंडाळा. स्क्रू फिरवत तार ताणा. इथं कातड्याचं काम डब्याचा तळ करेल.

भोकं पाडताना आई-बाबांना मदतीला घ्या. पत्र्याच्या कडा कानशीनं घासा. तार ताणताना चेहरा बाजूला ठेवा, कारण तुटलेली तार डोळ्याकडं उडते.

आणि गॅदरिंगच्या दिवशी तुणतुणेवाल्याच्या पिशवीत काय काय हवं? एक जादा तार, दोन जादा छेडण्या, खडूचा तुकडा, तार कापायची पक्कड, घाम पुसायला कोरडं फडकं. कातड्याचं वाद्य असेल, तर ते ओल्या फरशीवर ठेवायचं नाही आणि भर उन्हातही विसरायचं नाही. कार्यक्रम संपला की तार थोडी उतरवून ठेवायची. कातड्यालाही झोप हवी.

तर मग, कोण धरणार?

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्याशी. हल्ली सूर द्यायला मोबाइलमध्ये तंबोरा मिळतो आणि तो चांगलाही असतो. दवानं तो उतरत नाही, त्याला शेकावं लागत नाही. पण म्हणूनच तो कान घडवत नाही. सूर सरकतोय हे ओळखणं आणि तो परत जागेवर आणणं, हे मुलाला स्वतःच्या हातानं करू द्या. तुमच्या घरी किंवा शेजारी गोंधळ असेल, तर मुलांना थोडा वेळ तरी जागू द्या. आणि गोंधळ्यांना बिदागी देताना मागच्या माणसालाही नमस्कार करायला सांगा. परंपरेनं हे काम करणाऱ्या घरांतली मुलंही आता तुमच्या मुलांच्याच वर्गात शिकतात. आपल्या बापाच्या वाद्यावर वर्ग हसतो हे ज्यानं पाहिलं, तो ते वाद्य पुढं कशाला धरील?

आणि दोस्तांनो, पुढच्या वेळी बाई विचारतील, "तुणतुणं कोण धरणार?" तेव्हा चपलांकडं बघू नका. डफ चुकला तर लोक हसतील आणि विसरतील. शाहिराचा एखादा शब्द गेला तर मागचे सांभाळून घेतील. पण तुणतुण्याचा सूर सरकला, तर सगळा पोवाडा त्याच्याबरोबर सरकतो, आणि का बिघडलं ते कुणालाच कळत नाही.

म्हणून सरळ हात वर करा. मागं उभे राहा, खांदे सैल सोडा, शाहिराचा सा ऐका, खुंटी खालून वर पिळा. लाटा थांबल्या?

मग करा सुरुवात. सगळे तुमच्यासाठीच थांबलेत!